मासळीच्या गाडीचा मागचा ब्रेक: पॅड तपासणीच्या नोंदी

८ फेब्रुवारी. गाडी १. ओडोमीटर ३१,४४०

१५० सीसीची मोटरसायकल, मागे २३० मिमीची डिस्क, एकाच पिस्टनचा फ्लोटिंग कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारी पकड). कॅरियरवर दोन प्लास्टिकचे क्रेट, बर्फासकट साठेक किलो माल. पहाटे रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर, मग हातखंबा, पाली आणि आजूबाजूच्या वाड्या, दुपारपर्यंत परत. दिवसाला साधारण ६० किमी. तक्रार: ब्रेक लागतो, पण ढकलताना गाडी जड जाते आणि अ‍ॅव्हरेज उतरलंय. पॅड दोन ठिकाणी तपासून झालेत. दोन्हीकडे उत्तर एकच, "पॅड भरपूर आहेत".

डबल स्टँडवर घेतली, गिअर न्यूट्रलला, मागचं चाक हाताने जोरात फिरवलं. सव्वा फेरीत थांबलं. चेनचा आणि बेअरिंगचा विरोध धरूनही चाक चार-पाच फेऱ्या तरी फिरायला हवं. डिस्क पॅडला हलकी घासल्याचा आवाज आला तर हरकत नाही, चाक अडकता कामा नये.

मागून टॉर्च मारली. चाकाकडच्या पॅडचं लायनिंग, म्हणजे डिस्कला घासणारा थर, तीन मिमीच्या वर दिसतंय. "भरपूर आहेत" हे उत्तर इथूनच आलं असणार. पिस्टनकडचा पॅड मात्र कॅलिपरच्या अंगाआड राहतो, त्याची जेमतेम कड दिसते आणि तीही लाल चिखलाने लिंपलेली. आणखी एक फसगत होते. पॅडची लोखंडी पाठ आणि लायनिंग गंजून एकाच रंगाचे झाले की बघणारा दोन्हींची जाडी एकत्र मोजतो. या गाडीच्या पॅडची पाठ ४.५ मिमी आहे. ती धरली तर पूर्ण संपलेला पॅडही साडेचार मिमीचा दिसेल.

म्हणून ड्रिल बिट वापरला. बिटचं दांडकं, म्हणजे धार नसलेला भाग, डिस्क आणि पॅडची पाठ यांच्या मधल्या फटीत कडेने सरकवायचं. पेडल हलकं दाबून धरायला एक माणूस लागतो, म्हणजे पॅड डिस्कला टेकलेला राहतो आणि फट म्हणजेच लायनिंगची जाडी. चाकाकडे ३ मिमीचा बिट सहज गेला. पिस्टनकडे २ चा गेला नाही, दीडचाही नाही, १ चा एका टोकाला अडकत गेला आणि दुसऱ्या टोकाला गेलाच नाही.

गाडी तिथेच थांबवली. उद्या खोलायची.

९ फेब्रुवारी. गाडी १

क्रम महत्त्वाचा. कॅलिपर गाडीवर घट्ट असतानाच पॅड पिन, म्हणजे पॅड जिच्यावर लटकतात ती पिन, सैल करून घ्यायची. कॅलिपर सुटा करून हातात धरला की जोर लागत नाही, पिन हलत नाही आणि ५ च्या ॲलन कीने पिनचं तोंड गोल होतं. त्या तोंडात मीठ आणि जांभ्याची माती बसून सिमेंटसारखी झाली होती. सुई आणि पितळी ब्रशने ते तळापर्यंत कोरून काढलं, ॲलन की पूर्ण खोल बसली याची खात्री केली, कीच्या डोक्यावर हातोडीने दोन हलके ठोके दिले, मगच फिरवली. गंज सोडवणारं तेल पिनच्या टोकाला थेंबभर लावलं, फवारलं नाही. फवारलेलं तेल डिस्कवर जातं.

पिन बाहेर आली ती खड्डे घेऊन. पॅड जिथे लटकतात तिथे दोन खाचा, नख अडकेल एवढ्या. अशा पिनवर पॅड खाचेत बसून राहतो. पेडल दाबलं की पिस्टन त्याला ढकलतो, पण सोडल्यावर मागे येत नाही. पिन बाद.

लायनिंगची जाडी, व्हर्नियरने, पाठ वजा करून:

पिस्टनकडचा पॅड: डिस्क आत शिरते त्या टोकाला ०.६ मिमी, बाहेर पडते त्या टोकाला १.१.
चाकाकडचा पॅड: ३.२ आणि ३.४.
पाकिटातला नवा पॅड: ४.५.

बहुतेक मॅन्युअलमध्ये लायनिंगची किमान जाडी १ मिमी किंवा पॅडवरच्या खाचेइतकी असते. खारं वारं आणि लाल माती असलेल्या या पट्ट्यात २ मिमीलाच बदलावेत हे आमचं मत. शेवटचा मिलिमीटर सरळ झिजत नाही. पातळ लायनिंगमधून उष्णता लवकर पिस्टनकडे जाते, आणि पॅड तिरका झिजत असेल तर एका टोकाला १ मिमी असताना दुसऱ्या टोकाला लोखंड डिस्कला लागायला आलेलं असतं.

दोन पॅडमधला हा अडीच मिमीचा फरकच इथे खरं निदान सांगतो. फ्लोटिंग कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आपल्याकडचा पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन स्लायडर पिनांवर सरकून पलीकडचा पॅड ओढून आणतो. कॅलिपर सरकलाच नाही तर पिस्टनकडचा पॅड एकटा राबतो. दोन्ही पॅड सारखे झिजले असतील तर दोष नाही, नुसती झीज. पिस्टनकडचा एकटाच संपला असेल तर स्लायडर जाम. दोन्ही सारखे पण फार लवकर संपले असतील तर पिस्टन मागे येत नाही, नाहीतर पेडल पूर्ण सुटत नाही.

स्लायडर पिना: एक बोटाने सरकते. दुसरी हलेना. ती हातोडीने ठोकून काढायची नाही, पान्याने थोडी थोडी दोन्हीकडे फिरवत ओढायची. निघाली तेव्हा अंगावर तपकिरी गंज आणि त्यावर पिवळं ग्रीस. हे चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस कुणीतरी चांगल्या हेतूनेच भरलेलं. पण खनिज तेलाचं ग्रीस ब्रेकच्या रबराला चालत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं. बूट, म्हणजे पिनेवरचं रबरी आवरण, फुगून पिनेच्या गळ्यावरून सुटला, फटीतून पाणी आत गेलं आणि ग्रीस असूनही पिन गंजली. इथे सिलिकॉनचं किंवा ब्रेक स्लायडरसाठीच असलेलं ग्रीस लागतं.

१० फेब्रुवारी. गाडी १

पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथे स्टेनलेस स्टीलची पातळ स्प्रिंग पट्टी असते. पट्टी वरून चकचकीत, निर्दोष. चिमट्याने उचलली तर खाली चुन्यासारखी पांढरी भुकटी, कडेला घट्ट खडा झालेली, जाड जागी अर्ध्या मिमीच्या आसपास. हा ॲल्युमिनियमचा गंज. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून आणि मध्ये खारं पाणी, एवढ्याने ॲल्युमिनियम आपसूक खात जातं. भुकटीला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, ती पट्टीला खालून उचलते, खाच अरुंद होते आणि पॅडचे कान त्यात आवळले जातात. बाहेरून काहीच दिसत नाही. वर्षानुवर्षं पॅड बदलणाऱ्यांनीही ही पट्टी उचललेली नसते. एरवी चालून जातं, किनाऱ्यावर नाही.

भुकटी जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या पाठीने खरवडली, पितळी ब्रश मारला, गोड्या पाण्याने धुऊन सुकवली. कानस लावली नाही. कानशीने खाच रुंद झाली तर पॅड तिच्यात खडखडतो आणि ते परत भरून येत नाही. मग चाचणी: पट्टीशिवाय पॅड खाचेत ठेवला तर स्वतःच्या वजनाने घसरला पाहिजे. घसरला. पट्टी बसवून एका बोटाच्या जोराने सरकला पाहिजे. सरकला. धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. पॅडची धूळ छातीत जायला नको.

पिस्टन: दोन्ही पॅड काढल्यावर मध्ये लाकडाची पट्टी धरून पेडल हळूहळू दाबलं आणि पिस्टन ५-६ मिमी बाहेर घेतला, जास्त नाही. बनियनच्या कापडाची लांब पट्टी ब्रेक ऑइलमध्ये भिजवून पिस्टनभोवती पुढेमागे ओढली, बूट पॉलिश करतात तशी. आधी साफ आणि मगच आत ढकलायचा. उलट केलं तर कडेची मीठमाती सरळ सीलमध्ये घुसते. तोंडाजवळच्या दोन मिमीत क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे तीन-चार खड्डे दिसले. नवे पॅड घालून पिस्टन पूर्ण आत गेला तरी हा भाग सीलच्या बाहेरच राहतो, हे ढकलून बघितलं. म्हणून पिस्टन चालेल. खड्डे आणखी आत असते तर पिस्टन आणि सील दोन्ही बदलावं लागलं असतं, कारण सील त्या खड्ड्यांवरून घासून फाटतं.

सीलबद्दल थोडं. पिस्टन मागे आणायला या ब्रेकमध्ये स्प्रिंग नसते. चौकोनी छेदाचं रबरी सील दाबाखाली किंचित पीळ घेतं आणि दाब सुटला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. ओढ एवढीच असल्याने पिनेवरची खाच किंवा पट्टीखालची भुकटी सहज तिच्यावर मात करते.

१२ फेब्रुवारी. गाडी १

नवे पॅड, नवी पॅड पिन, स्लायडरचे नवे बूट. ग्रीस: प्रत्येक स्लायडरला वाटाण्याएवढं. जास्त भरलं तर आत हवा-ग्रीसची गादी होते आणि पिन दाबल्यावर परत बाहेर उसळते. पॅड पिनला नुसता हात फिरवल्याइतकं. लायनिंगला बोट लावलं नाही.

पिस्टन आत ढकलण्याआधी मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपाच्या) टाकीचं झाकण उघडलं. पातळी वरच्या रेघेवर! पॅड एवढे संपलेले असताना ती खाली असायला हवी होती, म्हणजे मधे कुणीतरी ऑइल भरून ठेवलंय. हिशेब सोपा आहे. पिस्टनचा व्यास ३२ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ८ चौ. सेमी. पिस्टन १ मिमी पुढे आला की ०.८ मिली ऑइल टाकीतून कॅलिपरमध्ये उतरतं. दोन्ही पॅड मिळून इथे सरासरी ४.८५ मिमी झिजलेत, म्हणजे चार मिलीच्या आसपास. पिस्टन मागे गेला की हे चार मिली परत वर येणार आणि भरलेल्या टाकीतून रंगावर सांडणार. ब्रेक ऑइल रंग उठवतं. सिरिंजने ५ मिली आधीच काढून घेतलं. मागच्या टाकीची पातळी उतरणं ही पॅड झिजल्याची खूण आहे. पॅड न बघता ऑइल भरणारा ती खूण पुसून टाकतो.

बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. मग गाडी हलवण्याआधी पेडल पंप केलं. पहिले सहा दाब रिकामे गेले, सातव्याला घट्ट लागलं. हे विसरून गाडी उतारावर सोडली तर पहिल्या वळणाला मागे ब्रेकच नसतो.

पेडलकडेही बघितलं. त्याची बिजागरी मीठ लागून जड झालेली, पेडल शेवटची बोटभर वाट आळसाने परत येत होतं. हे साधं प्रकरण नाही. पेडल पूर्ण सुटलं नाही तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगलं की त्याला टाकीत परत जायला वाट नाही, ते पिस्टनवरच दाब देतं, ब्रेक आणखी घासतो, आणखी तापतो. शेवटी चाक जखडतं, गाडी थंड झाली की सुटतं, आणि गॅरेजला पोचेपर्यंत सगळं ठीक. बिजागरी काढून साफ केली, ग्रीस केली (इथे साधं ग्रीस चालतं), पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या पुशरॉडला जेमतेम १ मिमी ढिलाई ठेवली. गाडीवाल्याला सांगायची खूण एकच: पाय उचलल्यावर मागचा ब्रेकचा लाल दिवा विझला पाहिजे. अंधारात बंदरावर उभं असताना भिंतीवर त्याचा उजेड पडतो, मान वळवली तरी पुरे.

चाक साडेपाच फेऱ्या फिरलं. नवे पॅड डिस्कशी घासून जुळावेत म्हणून रिकाम्या गाडीने ब्रेक मारले, ४० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वीस-पंचवीस वेळा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा किलोमीटर सोडून. पूर्ण थांबून ब्रेक दाबून ठेवायचा नाही, नाहीतर तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर एका जागी उमटतो.

डिस्कची जाडी: तिच्यावर किमान ३.५ मिमी कोरलेलं आहे. व्हर्नियरने थेट मोजली तर ४.० भरते, पण ते खोटं. काठाला न झिजलेली उंच कड राहते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावर बसतात. दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरून मोजलं आणि दोन नाण्यांची जाडी वजा केली. ३.८. चालेल.

२ मार्च. गाडी १: ३२,७००. गाडी २: पहिली तपासणी

गाडी १: ४ मिमीचा बिट दोन्हीकडे गेला. चाक मोकळं.

गाडी २ त्याच मॉडेलची, निवळीकडे जाते. पॅड सारखे झिजलेले, पट्टीखाली भुकटी सुरू झालेली. साफ करायला गाडीवाल्याला सवड नाही. धंद्याचे दिवस आहेत, ठीक. नोंद तेवढी ठेवली.

दोन्ही गाड्यांत एक गोष्ट सारखी दिसली. गंज सगळीकडे नाही. पुढच्या कॅलिपरला जवळपास नाही. मागच्यालाही डिस्कच्या वरच्या अंगाला आणि उजव्या बाजूला जास्त. गाडी भरून स्टँडवर उभी केली, खाली पुठ्ठा ठेवला आणि वाट बघितली. क्रेटच्या उजव्या कोपऱ्यातून थेंब पडतो तो बरोबर कॅलिपरच्या पाठीवर. आठ-दहा सेकंदाला एक. बर्फ गोड्या पाण्याचा असला तरी मासळी समुद्राच्या पाण्यात धुतलेली असते, वितळलेलं पाणी खारं होऊनच खाली येतं. वर बांगडा किंवा तारली असेल तर तेलकटही. खारं वारं सगळ्यांच्याच गाडीला लागतं, पण या गाड्यांना रोज चार-पाच तास ठिबक सिंचन चाललंय.

२३ मार्च. गाडी १. ३३,९५०

पाण्याची वाट बदलली. क्रेटखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, कडा दोन बोटं वर वळवलेल्या, डाव्या मागच्या कोपऱ्याकडे उतार. तिथे १२ मिमीची नळी. नळीचं तोंड पहिल्यांदा चाकाच्या मागे मोकळं सोडलं होतं, ते त्याच दिवशी बदललं. आपला ब्रेक वाचेल, पण ते तेलकट पाणी वळणावर रस्त्याला पडतं आणि मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. आता नळी ५ लिटरच्या कॅनमध्ये जाते. कॅन डाव्या बाजूला, सायलेन्सरपासून लांब. दोन फेऱ्यांत मिळून भरत नाही. नळी कुठेही टायरवर किंवा चेनवर लोंबता कामा नये, तीन ठिकाणी क्लिपने आवळली.

खवले अडकून नळी तुंबते. तोंडाशी चहाच्या गाळणीची जाळी बसवली.

बिट: ४ चा पिस्टनकडे आवळत गेला, चाकाकडे सहज.

२० एप्रिल. गाडी १. ३५,५००

३.५ चा बिट दोन्हीकडे जातो, ४ चा दोन्हीकडे नाही. पॅड जोडीने झिजताहेत, हेच हवं होतं. परतीच्या फेरीला हापूसच्या पेट्या लादल्या जाताहेत, त्यामुळे वजन मागे जास्त. वजन मागे असलं की मागचा टायर लवकर घसरत नाही, म्हणून पाय पेडलवरच राहतो. त्यात चूक नाही, मात्र उतारावर गिअर उतरवून इंजिनाला कामाला लावलं तर पॅड आणि ऑइल दोन्ही वाचतात.

१८ मे. गाडी १

संध्याकाळी मागचं चाक धुण्याची सवय लागलीय, पण डिस्कवर सुकल्यावर पांढरी झाक राहते. पाणी चाखलं, मचूळ. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतातच. मचूळ पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. महिनाभर नळाच्या पाण्याची एक बादली मागच्या चाकासाठी राखून ठेवायची, मगाने ओतायची. प्रेशरचा फवारा बूटांवर मारायचा नाही, तो पाणी काढत नाही, आत ढकलतो. धुतल्यावर गाडी शंभर-दोनशे मीटर चालवून पाच-सहा वेळा ब्रेक मारायचा, डिस्क सुकते. ओल्या पॅडसकट उभी केली तर सकाळी पॅड डिस्कला गंजाने चिकटलेला असतो, पहिल्या धक्क्याला "टक" करून सुटतो.

ब्रेक ऑइल बदललं. टाकीवर डॉट ४ लिहिलंय, तेच. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत खाली येतो. या ऑइलला हवेतला दमट खेचायची सवय असते आणि इथे हवेत दमटच आहे. दोन वर्षांची मुदत इथे लांबवू नये. निघालेलं ऑइल काळ्या चहासारखं. फोडलेली बाटली उरली तर पुढच्या वर्षी वापरायची नाही.

कॅलिपरवरची ऑइल सोडायची निपल ८ च्या पान्याची. आधी किंचित आवळायची, मग सोडायची. गंज आवळताना तुटतो. सरळ सोडायला गेलं तर निपलचं डोकं तुटतं आणि कॅलिपर उतरवून कामाच्या टेबलावर न्यावा लागतो. रबरी टोपी नव्हती, बसवली. पाच रुपयांची वस्तू नसल्याने निपल गंजून जाते.

३१ मे. दोन्ही गाड्या

उद्यापासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. आगोटीची कामं सुरू, दोन्ही गाड्या दोन महिने उभ्या राहणार. ब्रेकसाठी चालणं परवडतं, उभं राहणं नाही.

गाडी १, ३७,८००. पॅड बाहेर काढून मोजले. पिस्टनकडे ३.१ आणि ३.२, चाकाकडे ३.२ आणि ३.३. म्हणजे ६,३६० किमीत पिस्टनकडे १.३५ मिमी, हजाराला ०.२१. दोन मिमीची मर्यादा गाठायला साडेपाच हजार किमीच्या आत लागतील. पाऊस संपेपर्यंत आकडा हाच राहणार नाही. लाल चिखल पॅडमध्ये पॉलिश पेपरसारखा काम करतो, म्हणून ऑगस्टपासून तपासणी दर हजाराला.

पट्टी उचलून बघितली: भुकटीची नुसती झाक. पुसली. पिस्टन साफ, स्लायडर साफ. क्रेट आणि ट्रे काढून वेगळे ठेवले. गाडी पडवीत, डबल स्टँडवर, मागच्या बाजूने हवा खेळेल अशी. आठवड्यातून एकदा चाक फिरवून पेडल चार वेळा दाबायचं. डिस्कवर तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. "गंजू नये म्हणून" ते लावणारे भेटतात, डिस्कवरचा वरवरचा गंज पहिल्या दहा ब्रेकमध्ये जातो, पॅडमध्ये मुरलेलं तेल जात नाही.

गाडी २: पॅड काढून मोजू दिले, बाकी साफ करू दिलं नाही. पिस्टनकडच्या पॅडची पाठीसकट एकूण जाडी ७.३ मिमी चारही कोपऱ्यांना, म्हणजे लायनिंग २.८. गाडी अंगणात, क्रेटसकट, निळ्या ताडपत्रीत जमिनीपर्यंत गुंडाळून दोरीने आवळलेली.

२१ जून. गाडी १

चाक मोकळं. डिस्कवर लालसर थर, पॅडखालची जागा तेवढी स्वच्छ.

२ ऑगस्ट. गाडी १

पहिल्या फेरीआधी. चाक पाच फेऱ्या. बिट ३ चा दोन्हीकडे गेला. स्लायडर बोटाने सरकतात. ट्रे आणि कॅन परत बसवला. पंधरा मिनिटांचं काम.

५ ऑगस्ट. गाडी २

चाक हलेना. गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री दोनदा केली. निपल सोडून बघितली, ऑइल दाबाने आलं नाही, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने धरलेला नाही. पॅडच अडकलेत. कॅलिपर सोडला तर पॅड डिस्कला चिकटूनच राहिला, लाकडी ठोकळ्याने कडेने ठोकल्यावर निघाला.

मोजमाप: पिस्टनकडचा पॅड, एकूण जाडी. एका कोपऱ्याला ७.९ मिमी, त्याच्या समोरच्याला ७.४. मे महिन्यात चारही ठिकाणी ७.३ होती. पॅड दोन महिन्यांत उभ्या उभ्या ०.६ मिमीने जाड झाला.

व्हर्नियर शून्यावर आणून परत मोजला, तेच. मग पॅड उजेडात आडवा धरला. पाठ आणि लायनिंग यांच्या जोडावर तपकिरी रेघ, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. ब्लेडचं पान त्या टोकाला नखभर आत गेलं. पाठीवर पेचकसाच्या मुठीने टकटक केलं तर चांगल्या भागात घट्ट आवाज, त्या कोपऱ्यात भदभद. लोखंडी पाठीवर लायनिंगखाली गंज चढला आणि त्याने लायनिंग उचललं. ताडपत्रीखालचा दमट आणि क्रेटमधलं उरलेलं मीठ, दोघांना दोन महिने मोकळं रान मिळालं. फुगलेल्या पॅडला खाचेत आणि डिस्कपाशी जागा उरली नाही, म्हणून चाक जखडलं.

हा पॅड बिटने तपासला असता तर त्या कोपऱ्यात ३ मिमीचा बिट आरामात गेला असता. नोंदवहीत "३ च्या वर, ठीक" असं लिहिलं गेलं असतं. चाक ओढून-ताणून सोडवलं असतं तर भरल्या गाडीने निवळीचा घाट उतरताना पहिल्या जोरदार ब्रेकला तो कोपरा सुटून आला असता. म्हणून तपासणीच्या कागदात आजपासून दोन रकाने वाढवले: एक, मागच्या वेळेपेक्षा जाडी वाढली का. दोन, जोडावर ब्लेड जातं का. गाडी महिन्याहून जास्त उभी राहिली असेल तर पॅड बाहेर काढूनच बघायचे, बिटवर भागवायचं नाही.

दोन्ही पॅड बाद. पट्टीखाली भुकटी, जाड जागी पाऊण मिमी. स्लायडरची एक पिन बदलली, पॅड पिन बदलली. ट्यूबचा तुकडा आणि नळी गाडी १ च्या मापानेच कापून ठेवलीय, कॅनसाठी डाव्या बाजूचा क्लॅम्प उद्या वेल्डिंगहून येईल. नवे पॅड सिंटर्डचे (धातूची भुकटी दाबून, तापवून केलेले) सुचवले होते, ओल्यात आणि चिखलात ते जास्त टिकतात, पण डिस्क ३.६ मिमीवर आलीय आणि सिंटर्ड पॅड डिस्क लवकर खातात. किमान ३.५ कोरलेलं असताना तो व्यवहार नाही. साधेच बसवले. डिस्कची ऑर्डर दिलीय.

पुढची मोजणी: गाडी १, ३८,८०० ला. गाडी २, पॅड बसल्यावर ५०० किमीला, पट्टीसकट.